धुऱ्यावरचं फडकं

कृषी खात्याचे साहेब, हे तुमच्यामुळं झालं. नाव घेत नाही, तुम्हाला कळतंय. चोर बीटी, म्हणजे मंजुरी नसलेलं कपाशीचं बियाणं, विकणाऱ्याच्या दुकानात तुम्ही चहा पिता आणि पेरणाऱ्याच्या वावरात पोलीस घेऊन शिरता.

मलकापुरात स्टेशन रोडवर अल्तमशनं नवं हॉटेल काढलं. पोरगा पुण्यात स्वयंपाक शिकून आलेला. घोळीचा पिझ्झा, तांदुळज्याचा पास्ता, असले त्याचे बेत. रानभाजीसाठी त्यानं गोजरबाईला धरलं. बाजारात पोतं अंथरून बसणाऱ्या म्हातारीला जन्मात पहिल्यांदा कायमचं गिऱ्हाईक मिळालं. घोळ आता मैद्यावर बसून मिरवणार, आपण मात्र पोत्यावरच, असं ती बाकीच्या बायांना सांगून हसायची.

उद्घाटनाच्या सकाळी ती माणिकरावाच्या कपाशीत घोळ खुडायला गेली. आधी रिवाजाप्रमाणं धुरा, म्हणजे वावराचा बांध, न्याहाळला. वावरात फवारा मारला की धुऱ्यावर काडीला लाल फडकं बांधायचं. मग कोणी बाई भाजीला शिरत नाही, कोणी गुरं सोडत नाही. अडाणी म्हटल्या जाणाऱ्या माणसांनी आपसात पाळलेला हा कायदा. फडकं नव्हतं. घोळ कशी लुसलुशीत. तिनं टोपलं भरलं.

भाजी पोचवून ती स्टँडवर आली, तर खुद्द माणिकराव भेटला. कुठून खुडली ते ऐकलं आणि त्याचा चेहराच उतरला.

"काकू, त्या वावरात काल तणनाशक मारलं न मी."

"मंग फडकं काऊन नाही बांधलं बे?"

"फडकं दिसलं असतं तं साहेब आले असते. साधी कपाशी तणनाशकानं जळते, उभी राह्यते ती चोर बीटीचीच, हे त्यायले समजते. शेजारच्या कारभारीचं फडकं पाहूनच तं धाड पडली. उभी कपाशी उपटली त्याची."

मग त्यानं हात जोडले. साहेब आज त्याच हॉटेलात पाहुणे आहेत, माझं नाव घेऊ नको म्हणाला.

फवारलेलं तण लगेच मरत नाही, काही दिवस हिरवंच दिसतं, हे म्हातारीला ठाऊक होतं. चपला हातात घेऊन ती स्टेशन रोडकडं पळत सुटली.

रिबीन कापून झाली होती. आत अल्तमशची आई गौसिया भाजी चिरत बसलेली. गोजरबाईनं धापा टाकत सगळं सांगितलं, फक्त वावरवाल्याचं नाव गाळून. चिरलेली, शिजलेली, सगळी घोळ अल्तमशनं कचऱ्यात ओतली. उद्यापासून भाजी मंडीतून घेऊ, असं गौसियानं हळूच सांगितलं. तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणून गोजरबाईला ते जास्त लागलं.

बाहेर पहिल्या टेबलावर तुम्ही बसला होतात, साहेब. पिझ्झा का येत नाही विचारलंत. अल्तमश अडखळला, तशी म्हातारी पुढं झाली. भाजीत जहर निघालं म्हणाली. तुम्ही एकच धोशा लावलात, वावर कोणाचं ते बोल.

"वावर नाही सांगत मी. तुमच्या भेवानं लोकायनं फडके बांधनं सोडलं. आता कोनत्या वावरात जहर हाय, हे आमाले कसं समजावं? अन् ते चोर बियानं विकनाऱ्याले तुमी काऊन नाही धरलं?"

अजून काही खाल्लं नव्हतं, तरी तुम्ही रुमालानं तोंड पुसलंत आणि गाडी मागवलीत.

गोजरबाई त्यानंतर कोणाच्याच वावरात शिरली नाही. पोत्यावर आता ती मंडीतली विकत आणलेली कोथिंबीर घेऊन बसते, आणि विकली न जाता उरतेच. तिनं भर हॉटेलात विचारलं, तुम्ही ऐकलंत. साहेब, दुकानदाराला का धरलं नाही? सांगा.