आवडाबाईंच्या साडीच्या सात गुढ्या

भानुमतीबाई कंजूष नव्हत्या, मोजून देणाऱ्या होत्या. समोरच्या आवडाबाईंकडून कुरडया आल्या, तर इकडून सांडगे जायचे. फक्त ते कुरडयांपेक्षा चार कमी असायचे. त्यामुळं पाडव्याच्या तोंडावर, उस्मानपुऱ्यातल्या त्या तिसऱ्या मजल्यावर, बाईंच्या तुपाची धार एकाएकी सैल झाली तेव्हा लक्ष्मणरावांनी चष्मा कपाळावर सारून बायकोकडं नीट पाहून घेतलं. विचारलं मात्र काही नाही. नवरा जुना होता.

दर चैत्राच्या आधी बाई गुढीची वस्त्रं शिवत. ओळखीपाळखीच्या जुन्या साड्या घ्यायच्या, निऱ्या आधीच शिवून टाकायच्या, वर नाडी लावायची. काठीवर चढवली की गुढी नेसून तयार. हल्ली कुणाला गुढी नेसवत बसायला सवड असते? वस्त्रांना मागणी दांडगी. मशीनपाशी दोन गठ्ठे असत. एक कापायच्या जुन्या साड्यांचा, दुसरा फॉल-पिकोला आलेल्या नव्यांचा.

आवडाबाईंची साडी दुसऱ्या गठ्ठ्यातली. जांभळी, जरीच्या काठावर पोपटांच्या जोड्या. त्यांची सून राजनंदिनी चितेगावच्या कंपनीत लागली, तिच्या पहिल्या पगाराची. सुनेचं कौतुक तोंडावाटे न काढणाऱ्या आवडाबाईंनी अख्ख्या जिन्याला सांगून ठेवलं होतं, "पाडव्याला हीच नेसणार बघा मी."

लक्ष्मणरावांनी खोली झाडली आणि दोन्ही गठ्ठे एकावर एक रचले. इथवरचा दोष त्यांचा, आणि बाईंनी उरलेलाही आनंदानं त्यांच्याच नावावर टाकला असता. पण कात्री हातात घेऊन साडी उलगडली तेव्हा घडी करकरीत होती, फॉल नव्हता, दुकानाचा वास अजून गेला नव्हता. बाईंचा हात थबकला. उठून विचारलं असतं तर समोरच दार होतं. पण संध्याकाळी वस्त्रांचे पुडे द्यायचे होते, आणि असला काठ यंदा एकदाही हाताला लागला नव्हता. असेल कुणाची न नेसलेली, असं स्वतःला सांगून त्यांनी कात्री चालवली. दिवेलागणीला त्या एका साडीची सात वस्त्रं घरोघर पोचलीसुद्धा.

दुसऱ्या सकाळी आवडाबाई दारात आल्या. झाली का साडी?

"ती तर मी कालच राजनंदिनीच्या हातात दिली की," बाई म्हणाल्या. ती कामावरून येते तेव्हा एका खांद्याला पिशवी, दुसऱ्या कानाला फोन. तिला काय आठवणार? खोटं असं बेतून शिवलेलं, की कुठं सुरकुती नाही.

"व्हय का? मंग घरातच आसंल," म्हणून आवडाबाई गेल्या.

त्या दुपारी मुगाची खिचडी आणि वाटीभर कढी समोर गेली, वर तुपाचं तळं. पण शेजारची वाटी रिकामी परत द्यायची नाही, ही रीत आवडाबाई कधी मोडत नसत. सूनबाई घाईत तशीच निघाली तर मागून हाक येई, "अगं, रिकामी नको." संध्याकाळी वाटी शेंगदाण्याची चटणी घेऊन आली. बाईंनी धपाटे धाडले, गावाकडचा गूळ आला. फेडायला जावं तर ओझं दुप्पट होऊन दारात उभं.

मधे बाई पहिल्या मजल्यावरच्या संध्याकडं जाऊन आल्या. वस्त्राची टीप कच्ची राहिली, परत दे, दुसरं देते म्हणाल्या. संध्या म्हणाली, टीप नसली तरी चालेल काकू, पण हे पोपट मी देत नसते.

पाडव्याच्या आदल्या संध्याकाळी राजनंदिनी आली. चपलाही न काढता उंबऱ्यातच उभी. पिशवीतून जांभळी साडी काढली. काठावर पोपटांऐवजी मोर होते.

"काकू, आजच्या आज फॉल लावाल? तसली मिळाली नाही, त्यातल्या त्यात ही जवळची. आधीची माझ्याकडून हरवली. तुम्ही हातात दिलीत, आणि मला आठवतच नाही. सगळं कपाट उपसलं."

"आवडाबाई रागावल्या का गं?"

"रागावल्या असत्या तर बरं होतं. बोलतच नाहीत."

बाईंच्या जिभेवर खरं येऊन बसलं होतं. तिथंच बसून राहिलं. त्यांनी फॉल लावला, पैसे घेतले नाहीत, आणि त्याबद्दल ती पोर दोनदा आभार मानून गेली.

पाडव्याला पुरण शिजत घालून बाई गॅलरीत आपली गुढी उभारायला गेल्या आणि काठी हातात तशीच राहिली. खाली संध्याच्या गॅलरीत जांभळं. समोरच्या इमारतीत दोन. कोपऱ्यावर एक, पाण्याच्या टाकीशेजारी एक, पलीकडं आणखी दोन. चैत्राच्या वाऱ्यावर सगळे पोपट एका दमात उडायला निघाल्यासारखे. दारं समोरासमोर असली तरी गॅलऱ्या शेजारीशेजारी; तिथं मोरांची साडी नेसून आवडाबाई गुढीला कडुनिंब बांधत होत्या. त्यांनी मान वर केली. दुसऱ्याच्या कळपात आपली गाय ओळखावी तशा त्या एकेका गुढीवर नजर टेकवत गेल्या. मग आत गेल्या.

बाईंना दाराला कडी लावता आली असती. पुरणाच्या पोळ्या झाल्यावर त्यांनी त्यातल्या दोन आणि वाटीभर येळवणीची, म्हणजे पुरणाच्या कटाची आमटी घेतली आणि समोर गेल्या. दोघी घरातच होत्या.

"साडी मी कापली," त्या म्हणाल्या. "आमच्या ह्यांनी गठ्ठे..." एवढं बोलून त्यांनी ते वाक्य सोडून दिलं. "नवी होती, ते मला दिसलं होतं. राजनंदिनीच्या हातात मी काही दिलं नव्हतं."

आवडाबाईंनी पदरावरच्या मोरावर बोट फिरवलं.

"साडीचं काय, भानुताई. नेसले आसते, फाटली आसती. तुमचं तूप लई सुटलं तवाच मनात आलं व्हतं, कायतरी हाय. पण मी धरलं ह्या पोरीला. आठवडाभर हिच्याशी नीट बोलले नाय मी."

राजनंदिनी भिंतीला टेकून ऐकत होती.

"मला वाटलं, माझ्याच डोक्याला काहीतरी झालंय, काकू," एवढंच म्हणाली. तिनं पोळ्या काढून घेतल्या, आमटी ओतून घेतली. आत नळ वाजला. वाटी घासून, फडक्यानं कोरडी करून तिनं बाईंच्या हातात दिली. रिकामी.

आवडाबाईंनी वाटीकडं पाहिलं. हाक मारली नाही.

घरी लक्ष्मणरावांनी सवयीनं विचारलं, "काय आलं आज?"

बाईंनी वाटी फळीवर पालथी घातली.

"माझी वाटी आली."