मिठाच्या चांदण्या

आईच्या चांदण्या खायच्या नसत, टांगायच्या असत. दोन वाट्या मैद्याला एक वाटी मीठ, लागेल तसं पाणी. गोळा घट्ट मळायचा, लाटायचा, पत्र्याच्या साच्याने चांदण्या कापायच्या, सरबताच्या नळीने एका टोकाशी भोक पाडायचं आणि मंद ओव्हनमध्ये कडक होईपर्यंत वाळवायच्या. मग रंग, मग दोरा. वर्षअखेरच्या सुट्ट्या लागल्या की त्या स्वयंपाकघराच्या खिडकीत डोलायला लागत. साच्यातून निघालेल्या चांदणीचं प्रत्येक टोक आई अंगठ्याने हलकेच दाबायची. का, ते मी कधी विचारलं नाही. टोकाटोकावर एक लहानसा खळगा राहायचा.

या वर्षीच्या तिने लवकर केल्या. दवाखान्यात जायच्या थोडं आधी, खुर्चीत बसून, मध्ये मध्ये दम खात. "रंग घरी आल्यावर देईन," म्हणाली. ती आली नाही. चांदण्या होत्या तशा राहिल्या, खिडकीच्या कट्ट्यावर, ताटात, पांढऱ्याफटक, वर पातळ फडकं.

आज संध्याकाळी दादा बायकोमुलांना घेऊन जेवायला यायचा होता. त्याच्या आधी चांदण्या रंगवून खिडकीत लावायच्या असं मी ठरवलं होतं. ठरवण्याचं काम मला जमतं.

सकाळी रंगाच्या बाटल्या शोधायला म्हणून कपाट उघडलं आणि कपाटच पुसायला घेतलं. मग बरण्या. बरण्यांची झाकणं उन्हात ठेवायला गॅलरीत गेले तर कुंड्या कोरड्या. कुंड्यांना पाणी घालता घालता आठवलं, बटाटे उकडायचे राहिलेत. मधल्या काळात एक ब्रश पाण्यात बुडवून ठेवला होता. परत येऊन बघितलं तर त्याचे केस एका बाजूला वाकले होते. तो सरळ केला, पुसला, पुन्हा बुडवला. रंगाची बाटली उघडली की आईचं शेवटचं काम संपणार होतं. नाही उघडली तर ते कायमचं अर्धवट राहणार होतं. मला दोन्ही नको होतं, म्हणून मी बिस्किटं करायला घेतली.

घरात साचा तो एकच. त्यामुळे बिस्किटंही चांदण्यांचीच झाली. पहिला घाणा खालून करपला, कारण तेव्हा मी बाहेरच्या खोलीत पडद्याच्या कड्या नीट करत होते. दुसरा बरा निघाला. गार झाल्यावर डब्यात भरून डबा फ्रिजवर ठेवला.

"अगं, किती फिरशील? बघून मलाच गरगरायला लागलं," बाबा म्हणाले.

"तुम्ही नका बघू."

"दिसतंय कुठे मला? माझा चष्मा पाहिलास?"

बाबांनी आयुष्यभर चष्म्यांच्या दुकानात काम केलं. लोकांच्या नाकाची मापं त्यांना चेहऱ्यांपेक्षा जास्त लक्षात राहायची. आता स्वतःचा चष्मा शोधत घरभर हिंडतात आणि तो बहुतेक वेळा कपाळावर असतो. आजही होता. मी सांगितलं नाही. त्यांना शोधायला काहीतरी होतं, ते बरंच होतं.

तेवढ्यात बेल वाजली. आत्या. बाबांची धाकटी बहीण, समोरच्याच रस्त्यावर राहते. जेवायला बोलावलं की चहाला येते.

"काय गं भिंगरी, तोंड किती उतरलंय! खातेस का काही?" असं म्हणत ती थेट स्वयंपाकघरात जाऊन बसली. भिंगरी मी लहानपणापासून. एका जागी टिकत नाही म्हणून तिनेच ठेवलेलं नाव.

आत्याची आणि आईची एक जुनी लढाई होती. आईच्या हातचं काहीही खाल्लं की आत्या आधी भुवई उचलायची, मग पाण्याचा ग्लास ओढायची, मग म्हणायची, "छान झालंय, वहिनी. मीठ तेवढं जरा जास्त पडलं." आई हसायची आणि हातातलं भांडं ओट्यावर जरा जोरात ठेवायची. एकदा तिने मुद्दाम अळणी सूप वाढलं. आत्या चाखून म्हणाली, "आज बरंय. पण अजून थोडं कमी चालेल."

मी चहा ओतून दिला आणि दोरा आणते म्हणून आईच्या खोलीत गेले. शिवणाच्या डब्यात दोऱ्याचा गुंता झाला होता. तो सोडवत बसले. दोऱ्याची गरजही नव्हती खरं तर, आधी रंग व्हायला हवा होता. स्वयंपाकघरातून बाबांचा आवाज आला.

"घे ना. तुझ्या वहिनीच्या हातचं आहे. जायच्या आधी केलेलं."

मी दोऱ्याचं एक टोक दाताने तोडलं. मग माझ्या डोक्यात शिरलं की बिस्किटांचा डबा तर फ्रिजवर आहे, आणि बिस्किटं माझ्या हातची आहेत.

मी धावले.

कट्ट्यावरचं फडकं बाजूला झालं होतं. ताट टेबलावर होतं. आत्याच्या हातात चांदणी होती. आत्याचे दात बसवलेले आहेत, त्यामुळे ती सगळं चहात बुडवून खाते, आणि भरपूर वेळ बुडवून. दोन टोकं गेली होती. तिचे गाल हलत होते. भुवई वर गेली. आता हात ग्लासाकडे जाईल, मला वाटलं, आणि मग ते वाक्य. हात गेला नाही. तिने घास गिळला, डोळे मिटले, उघडले.

"छान झालंय," ती म्हणाली, आणि तिसरं टोक चहात घातलं.

मी दारातच थांबले. सांगितलं तर तिचा हा घास मोडणार होता. गप्प राहिले तर तिसरं टोक जाणार होतं, त्यावरच्या खळग्यासकट. बाबाही ताटाकडे हात नेत होते.

"आत्या, थांब!"

"का गं? मोजून ठेवलीयेस की काय?"

"ते खायचं नाहीये. खिडकीत टांगायचं आहे. नुसतं मीठ आणि मैदा आहे तो."

बाबांनी कपाळ चाचपलं, चष्मा खाली ओढला आणि एक चांदणी डोळ्यांसमोर धरली.

"याला भोक आहे," ते म्हणाले.

"आहे."

"मला हाताला लागलं होतं. वाटलं, नक्षी असेल. रंग नाही, म्हणून ओळखल्याच नाहीत."

आत्याने कपात डोकावून पाहिलं. "मीठ किती?"

"मैद्याच्या निम्मं."

"तरीच." तिने ओठांवरून जीभ फिरवली आणि तोंड वाकडं केलं. "आयुष्यभर बिचारीला उगीच बोलले गं. खारट म्हणजे काय ते आज कळलं."

बाबांना हसू फुटलं. मला नाही. "मग बोलली का नाहीस? पहिल्याच घासाला थुंकायचं होतंस."

"वहिनीच्या हातचं थुंकू?" ती खेकसली. मग आवाज उतरला. "आणि बोलू कुणाला? ती असताना बोलण्यात मजा होती. ती भांडं आपटायची. मला कळायचं, पोचलं."

मी हात पुढे केला. "दे ती इकडे."

"उष्टी आहे."

"असू दे. दे."

तिने रुमालाने चांदणी टिपली आणि दिली. भिजलेलं टोक मऊ पडलं होतं, पण खळगा होता. मी ओव्हन मंद लावला, ती आत ठेवली आणि समोर स्टुलावर बसले. बोट लावून बघावंसं वाटत होतं, की आईचा अंगठा आणि माझा सारखा आहे का. लावलं नाही.

"बाकीच्यांना रंग कधी देणार?" बाबांनी विचारलं. "येतीलच ती मंडळी."

मी ब्रश पाण्यातून काढला. आता तो पार वाकला होता. "नाही देणार. रंगाने खळगे भरतील."

खरं कारण तेच होतं का, माहीत नाही. पण म्हटल्यावर हात चालायला लागले. बाबा भोकातून दोरा ओवून देत होते, चष्मा घालून, एकदाही न चुकता. मी गाठी मारत होते. आत्या ग्लासामागून ग्लास पाणी पीत सूचना करत होती. ओव्हनमधली तीन टोकांची चांदणी वाळून निघाली, चहाने जरा तपकिरी. भोकाचं टोक शाबूत होतं. आत्या म्हणाली, ती मागे लाव, लोक काय म्हणतील. मी ती मधोमध लावली.

दादाची मुलं आली ती थेट खिडकीकडे. "ही कुणी खाल्ली?"

"उंदराने," आत्या म्हणाली.

जेवायला बसलो तरी मी सारखी उठत होते, कधी पाव, कधी चमचे. सूप वाढलं. आत्याने पहिला चमचा तोंडात घातला. तिच्या तोंडाला आज पाणीसुद्धा खारट लागत असणार. तिने माझ्याकडे बघितलं. भुवई वर गेली.

"छान झालंय, भिंगरी," ती म्हणाली. "मीठ तेवढं जरा जास्त पडलं."

मी सुपाचं पातेलं ओट्यावर ठेवलं. जरा जोरात.