गाडीची खांदेमळणी

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी माझ्या सासूबाईंनी, आवडाबाईंनी, भंगारातून बनवलेल्या गाडीची खांदेमळणी केली. वाटीत हळद आणि तूप कालवलं, पदर खोचला आणि गाडीच्या पुढच्या दोन्ही दांड्यांना चोळलं. वर्षभर जू ओढून बैलाचा खांदा सोलवटतो, तिथं गावाकडं, बिडकीनला चोळायच्या, अगदी तसंच, सावकाश. बोटांना उरलेलं चाकांच्या कडांना पुसलं.

"आज आवतण घ्या, उद्या जेवायला या," त्या गाडीपुढं वाकून म्हणाल्या.

"माय, तिला तोंड कुठंय?" विश्वजीत, माझा नवरा, म्हणाला.

"तुला हाय तेवढं बास हाय. गप उभा रहा."

बिडकीनची जमीन कंपन्यांसाठी गेली त्याच वर्षी बैल गेले. आम्ही शहराच्या कडेला, देवळाईच्या पुढं प्लॉट घेऊन घर बांधलं. घर झालं, गल्ली झाली, नळ मात्र आले नाहीत. यंदा श्रावण सरत आला तरी टँकरच चालू होते, आणि त्यातून ड्रेनेजसाठी गल्लीच्या तोंडाशीच मोठा चर खणून ठेवलेला. टँकर अलीकडं, मोठ्या रस्त्यावर थांबायचा. मग ज्यानं त्यानं पाणी आणायला गाडी केली. आमची म्हणजे कूलरचं लोखंडी स्टँड, त्याला विश्वजीतच्या शाळकरी वयातल्या सायकलची दोन चाकं, आणि खाटेचे पाइप कापून लावलेल्या दांड्या. शेजारच्या पुंजारामकाकांची स्कूटरच्या अर्ध्या धडावर होती. एसटीत मेकॅनिक म्हणून रिटायर झालेला माणूस. त्यांच्या गाडीला हॉर्नसुद्धा होता.

पोळ्याची कल्पना त्यांचीच. बैल नाहीत तर गाड्या सजवू. भरलेला ड्रम घेऊन टँकरपासून निघायचं, वाटेत पडलेल्या खडीच्या ढिगावर चढायचं, पलीकडचा उतार उतरायचा, चरावरच्या फळ्या ओलांडायच्या आणि विजेच्या दोन खांबांना बांधलेल्या तोरणाखालून जायचं. जास्तीत जास्त पाणी ज्याच्या ड्रममध्ये उरेल, त्याचा ड्रम महिनाभर टँकरवर पहिला भरायचा.

अडचण उताराची होती. उतारावर माणूस गाडी ओढत नाही, गाडीच त्याला ढकलते. म्हणून विश्वजीतनं सायकलचा ब्रेक मागं, ड्रमच्या पाठीशी बसवला होता. तो दाबायला मागं कुणीतरी बसायला हवं, आणि ते हलकं हवं.

"ओवी बसेल," तो आमच्या मुलीकडं बघत म्हणाला.

"नाही," मी म्हणाले.

"मी सात वर्षांची आहे," ओवी म्हणाली.

"नाही म्हणाले ना."

दोन वर्षांपूर्वी ओवी आमच्या अंगणातल्या टाकीत पडली होती. टँकरवाल्यानं पाइप काढला, झाकण तसंच उघडं राहिलं. लगेच काढली तिला. खोकली, रडली, दुसऱ्या दिवशी पोहे मागितले. ती विसरून गेली. माझं मात्र त्या दिवसापासून काहीतरी बंद पडलंय. भीती वाटते असंही नाही. वाटत काहीच नाही, नुसतं लक्ष राहतं. भाजी निवडताना, कपडे वाळत घालताना, ती कुठंय, तिचा आवाज येतोय का. गल्लीत ती माझा हात सोडून कधी गेलेली नाही.

"मनू, किती दिवस धरून ठेवशील?" विश्वजीतनं हळूच विचारलं.

मी ओवीची रिबीन सोडून परत बांधली. मग "बरं" म्हणाले. म्हणताना आत काही हललं नाही, म्हणून मला वाटलं, जमेल.

सकाळी गाडीला गुलमंडीच्या बाजारातून आणलेली बेगड चिकटवली, प्लास्टिकच्या पाइपची शिंगं लावली, ड्रमवर माझ्या जुन्या साडीची झूल टाकली. सासूबाई घुटमळत होत्या.

"मळणीनंतर न्हाऊ घालावं लागतं बैलाला. नदीवर न्यायचो आम्ही."

"कळशीभर पाणी उरलंय, आई. आपलीच आंघोळ नाही झाली," मी म्हणाले.

"व्हय, ते बी खरंच," म्हणाल्या आणि बसल्या.

टँकर आला. ड्रम भरले. मी चराच्या अलीकडं, उताराच्या पायथ्याशी जाऊन उभी राहिले. पुंजारामकाका हॉर्न वाजवत आधी आले आणि ढिगावरच त्यांचा अर्धा ड्रम सांडला. "स्कूटर हाय का म्हैस?" कुणीतरी ओरडलं. "म्हसोबा हाय, वाट सोड," काका म्हणाले.

मग आमची गाडी ढिगाच्या माथ्यावर दिसली. विश्वजीत दांड्यांमध्ये, मागं ओवीचा रिबिनीचा शेंडा.

"दाब, ओवी," तो म्हणाला.

तिनं दाबला. तिचे दोन्ही कोपर ताठ झालेले मला दिसले. चाकं थांबली नाहीत. ब्रेकचं रबर कडांवर नुसतं घसरत होतं, आवाजही नाही. विश्वजीतचे पाय खडीत सरकायला लागले. गाडी त्याला रेटत खाली येत होती आणि समोर चर होता. मला सगळं दिसत होतं, दांडीवरची हळदसुद्धा. माझे पाय जागेवर होते. हाक मारायची हेही मला सुचलं नाही.

विश्वजीतनं दांड्या डावीकडं मुरडल्या. तिथं कुणाच्या तरी बांधकामाची वाळू पडली होती. गाडी वाळूत रुतली, आडवी झाली, आणि अख्खा ड्रम गाडीवर, ओवीवर, विश्वजीतवर रिकामा झाला.

मी तिथं पोचले होते. कधी निघाले ते आठवत नाही. ओवी वाळूत बसली होती, नखशिखांत भिजलेली, नाकातून पाणी गळत होतं. मी तिचं तोंड दोन्ही हातांत धरलं. ती खोकली.

"आई, मी दाबला होता. खरंच."

"माहितीये."

विश्वजीतनं चाकाच्या कडेवरून बोट फिरवलं आणि वास घेतला. मग सासूबाईंकडं बघितलं. त्यांचा चेहरा उतरला होता.

"मीच लावलं," त्या म्हणाल्या. "खांद्यालाच लावायचं असतं. हात पुसला चाकाला."

विश्वजीतनं गाडी सरळ उभी केली. पुंजारामकाकांनी आपल्या ड्रममधलं राहिलेलं पाणी आमच्यात ओतलं. "एक फेरी अजून घ्या, सूनबाई. आमची म्हैस तशीबी बसलीय."

सगळे माझ्याकडं बघत होते. ओवी पण.

मी झूल पिळली. मूठभर वाळू घेऊन चाकांच्या कडा घासल्या, आधी एक, मग दुसरी, पिवळा ओघळ जाईपर्यंत, आणि माझ्या पदराच्या कोरड्या टोकानं पुसून काढल्या. सासूबाई शेजारी बसून चाक फिरवत होत्या. मग मी ओवीला मागं बसवलं. एक हात तिच्या कमरेवर ठेवला. ओला फ्रॉक हाताला गार लागला.

"दाब."

तिनं दाबला. रबर कर्रकन वाजलं आणि चाक थांबलं.

"परत दाब."

परत थांबलं.

मी तिच्या कमरेवरचा हात काढला, विश्वजीतनं गाडी परत ढिगाच्या माथ्याकडं ओढली, आणि मी पायथ्याशी, चराच्या कडेला जाऊन उभी राहिले.