कंगव्यातले केस

त्या शनिवारी सकाळी अवंतीने पोह्यांच्या फोडणीत दुप्पट हिंग टाकला, तरी माशांच्या आमिषासाठी भिजवलेल्या, आंबलेल्या पेंडीचा वास काही हटला नाही. अकोट्याच्या त्या दोन खोल्यांत तो वर्षभर मुरलेला होता. आई गेल्यावर आबांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, जयसिंगरावांनी, गळ टाकायचा नाद लावून घेतला होता. आताही जेवणाच्या टेबलावर गळ, शिसं आणि उकडलेले काबुली चणे मांडून ते बसले होते.

"अवंती, एक केस दे गं. लांबसा."

"माझा? कशाला?"

"चणा गळाला टोचायचाच नाही. गळाच्या दांड्याला केस बांधायचा आणि चणा त्या केसाला लोंबत ठेवायचा. मासा चणा तोंडात ओढतो, संशय आला की फुंकून टाकतो, तेवढ्यात मोकळा गळ ओठात रुततो. दोऱ्यानं पण जमतं. पण मुळात हे केसाचंच काम."

"आणि एवढं करून खातही नाही तुम्ही."

"खायचा कशाला? फोटो काढायचा, कटला मासा परत पाण्यात."

"म्हणजे नुसते ओठ फाडायचे. शी, आबा!"

आबा खो खो हसले. हसताना त्यांची कवळी किंचित सुटली. पिवळ्या पडलेल्या नखांत पेंड भरली होती, त्याच बोटांनी त्यांनी पोह्यांवरचं खोबरं चिमटीत उचललं. अवंतीने आपली बशी घेतली आणि ओट्याशी उभी राहून खाल्लं.

संध्याकाळी ॲसिडिटीची गोळी शोधताना तिला त्यांच्या खणात एक डबी सापडली. आत तिच्याच केसांची तीन वेटोळी होती, काळ्यात पांढरे मिसळलेले. कंगव्यातून वेचून, धुऊन, नीट गुंडाळलेले. डबीसकट तिने ते कचऱ्यात टाकले आणि दोनदा साबणाने हात धुतले. रात्री आबांनी विचारलं, "माझी डबी पाहिलीस का?" ती म्हणाली, "नाही."

रविवारी पहाटे ते गळ टाकण्यातल्या सोबत्याच्या, गणपतरावांच्या, स्कूटरवर डभोई रोडच्या तळ्यावर गेले. नऊ वाजता फोन आला. घडीच्या खुर्चीत बसल्या बसल्या आबांची मान खाली गेली होती, ती वर आलीच नाही.

तेराव्यानंतर चार दिवसांनी गणपतराव आले. तरसालीच्या आपल्या घरून येताना आबांची पिशवी आणि खुर्ची घेऊन आले होते. पिशवी उघडल्याबरोबर तोच वास बैठकीत पसरला. अवंतीने खिडकी उघडली आणि चहा टाकला.

"अवंतीबेन, एक काम होतं." त्यांनी खिशातून कागदाची पुडी काढली. आत एक गळ होता, त्याच्या केसाला सुकलेला, बुरशी धरलेला चणा. "हा साहेबांनी मला दिलेला. केस तुटायला आलाय. एक नवा बांधून द्याल? साहेब किती मिजास करायचे! 'आमची अवंती स्वतःचा केस काढून बांधून देते. गण्या, तुझा मुलगा तुला पाणी तरी देतो का?' सगळ्या तळ्याला ऐकवायचे."

अवंतीने गळ हातात घेतला. गाठ जाड होती, तीनदा फिरवून वर गोंदाचा थेंब ठेवलेला. थरथरत्या हाताची गाठ.

"त्या शेवटच्या दिवशी मात्र दोरा लावला होता," गणपतराव म्हणाले. "मी विचारलं, तर म्हणाले, काल अवंती फार दमली होती, मीच नको म्हटलं."

बोटांना चण्यावरची बुरशी लागली. 'बांधून देते' म्हणणं किती सोपं होतं. गणपतरावही तेवढंच ऐकायला आले होते. तळ्यावर आबांची मिजास तशीच राहिली असती.

तिने गळ पुडीत ठेवला.

"मी एकही बांधला नाही, गणपतराव. एकही नाही. कंगव्यातले केस ते स्वतः वेचायचे. त्या आदल्या शनिवारी मी ते कचऱ्यात टाकले. त्यांनी विचारलं तर खोटं बोलले."

गणपतरावांनी कप खाली ठेवला. "जाऊ दे ने, बेन. वासच तसला. आमच्या घरी तर मला जिन्यात कपडे बदलायला लावतात."

"वासाचं नाही." तिने हात पुसले नाहीत. "मला आबांचीच किळस यायची. त्यांच्या नखांची, कवळीची, खाताना होणाऱ्या आवाजाची. वर्षभर मी त्यांच्यासमोर जेवायला बसले नाही, आणि त्यांना ते कळत होतं."