वहीतले पासवर्ड

२००४ साल. नाक्यावरच्या इंटरनेटच्या दुकानापुढे सकाळीच रांग लागायची. आत संगणकाच्या पडद्यावर मेलेली माणसं बोलायची.

दुकानदाराला लोक संगणकमहाराज म्हणू लागले होते. "वायर म्हणजे नाडी, मोडेम म्हणजे श्वास, सर्व्हर म्हणजे परलोक!" असं काहीबाही बरळून तो पडद्याआडच्या खोलीत समाधी लावायचा. मग बाहेरच्या संगणकावर अक्षरं उमटायची.

माझी थोरली बहीण रोज जायची. भाऊजी जाऊन सात महिने झाले होते.

"रक्तदाबाच्या गोळ्या बंद कर म्हणाले," ताईने सांगितलं.

"मेलेला माणूस औषधपाणी बघतो?"

"तू चूप बस. परगावच्या लेकाच्या पायाला लागल्याचं त्यांना कसं कळलं? मी तर फक्त त्यालाच मेल करून विचारलं होतं."

गोळ्या सोडल्यापासून तिचे पाय सुजले होते. मला राग आला नाही, रडूही नाही. मी उठून शाळेतल्या संगणकाच्या मास्तरांकडे गेले आणि सगळं सांगितलं.

"तुम्हाला मेलचं खातं कोणी उघडून दिलं?" त्यांनी विचारलं.

"त्या महाराजानेच. आम्ही विसरतो, म्हणून सगळ्यांचे पासवर्ड त्याच्याच वहीत असतात."

मास्तरांनी कपाळाला हात लावला. "अहो मावशी, पासवर्ड म्हणजे पत्रपेटीची किल्ली! आणि पडद्यावरच्या गप्पांना चॅट म्हणतात. दोन संगणक वायरने जोडायचे. एकावर लिहिलं की दुसऱ्यावर दिसतं. लिहिणारा जिवंतच लागतो."

त्याच दुकानातून मी भाच्याला खोटाच मेल केला : 'ताईला सांगू नकोस, तुझ्या बाबांचा निळा स्वेटर मी जाळला.'

दुसऱ्या दिवशी पडद्यावर आलं, 'तुझ्या बहिणीने माझा निळा स्वेटर जाळला. थंडी वाजते.'

"जाळलास?" ताई माझ्यावर उसळली.

मी पिशवीतून स्वेटर काढून तिच्या मांडीवर ठेवला. माझ्यासोबत आलेल्या मास्तरांनी आतल्या खोलीचा पडदा सारला. महाराज कीबोर्डवर वाकलेला, कोपराशी वही उघडी.

रांगेत आरडाओरडा झाला. ताई ओरडली नाही. स्वेटरची घडी घालत म्हणाली, "घरी चल. गोळ्या शोधायच्यात."

दुकान महिन्याभरात बंद झालं. महाराज दुसऱ्या गावात मोबाईल दुरुस्त करतो म्हणे. मास्तरांनी म्हाताऱ्यांसाठी फुकट वर्ग काढला, तो त्यांच्या निवृत्तीपर्यंत चालला. मी तिथेच शिकले, आणि तेच सांगते : किल्ली स्वतःजवळ ठेवा, आणि पडद्यावर अक्षर उमटलं की पलीकडे कोण बसलंय ते आधी विचारा.

ताई आणखी नऊ वर्षं जगली. गोळी कधी चुकवली नाही. भाऊजींचं नाव मात्र माझ्यापुढे पुन्हा काढलं नाही.