सहा नंबरच्या टाकीवरचा लाल उजेड

मी एक जुना दिवा आहे, मित्रांनो. दिवा म्हणजे पत्र्याची टोपी, हातभर वायर आणि आत एक बल्ब. बल्ब आजवर अकरा बदलले. टोपी तीच आहे, म्हणून आठवणी टिकून राहिल्या.

कारखान्यात ठोकून, वाकवून, आतून पांढरा रंग देऊन मला बाहेर काढले, तेव्हा वाटले होते, एखाद्या वाचनालयात पुस्तकांवर वाकून बसावे. नेमणूक झाली मत्स्यबीज केंद्रात, सहा नंबरच्या टाकीवर. अंड्यांतून निघालेली माशांची पिल्ले इथे वाढवून तळ्यात सोडत. खोलीला खिडकी नव्हती. त्यामुळे त्या पिल्लांचा सूर्य मीच. एवढी बढती फार थोड्या दिव्यांना मिळते.

टाक्यांची देखभाल मामा करायचे. ते कोणाचेच मामा नव्हते, पण सगळे केंद्र त्यांना मामाच म्हणे. माणूस प्रेमळ, पिल्लांची विचारपूस करत खाणे टाकायचे. वैर होते ते फक्त शेवाळाशी. माझ्या उजेडात काचेवर शेवाळ धरायचे आणि रोज सकाळी ते खरवडून मामांची कंबर धरायची. एका वर्षी, नवी पिल्ले बाहेर पडली त्याच दिवशी, मामांनी कुठल्याशा भेटीच्या खोक्यावरचा लाल जिलेटिनचा कागद आणला आणि माझ्या तोंडाला दोऱ्याने बांधला.

"बघू आता कसं धरतंय," ते शेवाळाला म्हणाले.

शेवाळ खरेच कमी झाले. पाणी, काच, मामांचा हात, सगळे लाल दिसू लागले. पिल्ले खात होती, वाढत होती. पाहणीला आलेले साहेब म्हणाले, "याला म्हणतात काम. बाकीच्या टाक्यांनी काहीतरी शिका." टाक्या गप्प राहिल्या. मला मात्र कागदाआड उगीचच कोंडल्यासारखे व्हायचे.

दीड महिन्याने, पिल्ले तळ्यात सोडायच्या आदल्या दिवशी, माशांचे डोळे तपासणाऱ्या बाई आल्या. त्यांनी काचेच्या पेटीत तळ्याचे हिरवट पाणी भरले, पाच नंबरची दहा पिल्ले सोडली आणि काठीला बांधलेला लाकडी मासा, जबडा उघडा असलेला, हळूच पुढे सरकवला. पिल्ले क्षणात कोपऱ्यात पसार. मग सहा नंबरची दहा. लाकडी मासा पुढे आला. एकही हलले नाही. एक तर जबड्यापाशी जाऊन पाहुण्यासारखे थांबले.

"वा, धीट आहेत," साहेब म्हणाले.

"धीट नाहीत हो. त्यांना तो दिसत नाहीये," बाई म्हणाल्या. "डोळा घडायचे हेच दिवस असतात. यांनी लाल उजेडाशिवाय काही बघितलंच नाही, डोळे त्यालाच सरावले. तळ्यात तो उजेड कुठून आणणार? कागद काढा आणि महिनाभर थांबा. सुधारतील कदाचित."

मामांनी तिथल्या तिथे कागद सोडला. "मला काय ठाऊक, बाई. मी तर काच खरवडायची चुकवत होतो."

"महिनाभर कसं थांबणार?" साहेब म्हणाले. "तळ्यावर समारंभाचा मांडव घातलाय. उद्या पाहुण्यांना काय, लाकडी मासा दाखवू?"

दुसऱ्या दिवशी पिल्ले गेली. टाळ्या वाजल्या म्हणे. त्या वर्षी तळ्यातले मोठे मासे फार गुबगुबीत झाले. साहेबांनी तेही अहवालात प्रगती म्हणून लिहिले.

पुढे नवे दिवे आले आणि मी अडगळीत गेलो. मामा निवृत्त झाले तेव्हा मला घरी घेऊन आले. लेक बाळंतपणाला आली होती. नातीच्या पाळण्यावर मला टांगले. रस्त्याची धूळ नको म्हणून खिडकीला जाड पडदा. पुन्हा मीच सूर्य.

गेल्या आठवड्यात लेक म्हणाली, "बाबा, हिच्या डोळ्यांवर उजेड येतोय हो."

मामा काही टाकून देत नाहीत, याचा पुरावा मीच. त्यांनी ट्रंकेतून घडी केलेला लाल कागद काढला. दोरा हातात घेऊन ते क्षणभर थांबले.

"कसला कागद हो?"

"माशांच्या टाकीचा. चांगला आहे अजून," मामा म्हणाले. "दोनच दिवस ठेवू." आणि बांधला.

आज आठवा दिवस.

मित्रांनो, माणसाच्या पिल्लाचे डोळे कसे घडतात, मला ठाऊक नाही. मी माशांचा दिवा. पण मामा पाळण्यावर वाकून, डोळे वटारून, जबडा उघडून बागुलबुवा होतात, तेव्हा ती जराही दचकत नाही.

"धीट आहे पोरगी," मामा म्हणतात.

मला हात नाहीत. तुमच्यापैकी कोणी त्या घरी गेलात, तर चहापाणी नंतर. आधी पडदा सरकवा.