कोण, कुणाकडे, काय काम

सूड घ्यायचा तर उंच जागेवरून, पूर्ण तयारीनिशी आणि मनात दयामाया न ठेवता घ्यावा. धाकटीची भाड्याची खोली चौथ्या मजल्यावर होती आणि लिफ्ट कायमची बंद होती, त्यामुळे पहिली अट खोली घेतानाच पूर्ण झाली. तयारी म्हणाल तर चष्म्याच्या दुकानातून तिने अर्ध्या दिवसाची रजा काढली होती. दयामाया तेवढी सकाळपासून अधूनमधून डोकं वर काढत होती. धाकटी केर काढता काढता तिलाही बाहेर लोटत होती.

सूड घ्यायचा होता वडिलांवर. ते एका मोठ्या कंपनीच्या फाटकावर रखवालदार. येणाऱ्याजाणाऱ्याला तीनच प्रश्न विचारण्यात त्यांचं आयुष्य गेलं: कोण, कुणाकडे, काय काम? साहेबांचा सख्खा मेव्हणा असला तरी उत्तर दिल्याशिवाय आत सोडायचं नाही. आणि हाच माणूस घरी आला की मुलीच्या खोलीत वाऱ्यासारखा शिरायचा. टकटक नाही, साधं खाकरणं नाही. शाळेत असताना तिने एकदा आतून कडी लावली. वडिलांनी आरडाओरडा केला नाही. स्क्रूड्रायव्हर आणून त्यांनी कडीच काढून टाकली, स्क्रू बरणीत ठेवले आणि म्हणाले, "माझ्या घरात दार लावून बसायचं नाही. असं काय चाललेलं असतं आत?"

आत काहीही चाललेलं नव्हतं. तिला नुसतं बसायचं होतं, आणि कुणीही केव्हाही आत येणार असेल तर नुसतं बसणं नीट जमत नाही. पण हे सांगायचं कसं? त्यापेक्षा तिने सूड घ्यायचं ठरवलं. कधीतरी दार माझं असेल आणि बाहेर तुम्ही असाल. "आत येऊ का" असं स्वतःच्या तोंडाने विचाराल, मग बघू.

खोली बघताना लोक पाणी बघतात, ऊन बघतात. हिने फक्त दार पाहिलं. वर कडी, खाली कडी, मध्ये कुलूप, शिवाय बाहेरचा माणूस बघायला काचेचं भोक. बाथरूमच्या दाराची कडी तुटलीय, माणूस पाठवून बसवून देते, असं घरमालकीणबाई सांगत होत्या. ते हिच्या कानावरून गेलं. एकट्या माणसाला बाथरूमला कडी हवीय कशाला?

दुपारी आईवडील पहिल्यांदाच खोली बघायला आले; जिन्यात आईच्या धापा ऐकू आल्या. धाकटीने दोन्ही कड्या पुन्हा चाचपल्या आणि भोकाला डोळा लावला.

वडिलांनी सवयीने दार खांद्याने ढकललं. दार हललं नाही. ओळखपत्र न दाखवता आत घुसणाऱ्याकडे बघावं तसं त्यांनी दाराकडे पाहिलं. मग नाइलाजाने बोटाने वाजवलं.

"कोण?" धाकटीने आतून विचारलं.

"मी."

"मी कोण?"

"तुझा बाप."

"कुणाकडे आलात?"

आई मागे पायरीवर टेकली आणि म्हणाली, तुमचं सावकाश चालू द्या, माझे गुडघे काही आता उठत नाहीत.

"तुझ्याकडे," वडील म्हणाले.

"काय काम?"

हा प्रश्न तिने आरशासमोर किती वेळा म्हणून पाहिला होता. आता भडका उडणार म्हणून ती श्वास रोखून उभी राहिली. पण काचेतून भोपळ्याएवढा दिसणारा वडिलांचा चेहरा चक्क फुलला.

"शाब्बास," ते म्हणाले. "अगदी असंच विचारायचं. खात्री पटल्याशिवाय उघडायचं नाही." आणि मागे वळून आईला म्हणाले, "बघ, तयार झाली पोरगी."

सूड घ्यायला निघालेल्या माणसाला शाब्बासकी मिळावी, यापेक्षा मोठा अपमान नाही. धाकटीच्या अंगाचा तिळपापड झाला.

"बाबा," ती म्हणाली, "आत येऊ का, असं विचारा."

वडील या पायावरून त्या पायावर झाले. त्यांचा ताठा आता आतल्या आत वळवळतोय, असं धाकटीला वाटलं आणि फार बरं वाटलं. शेवटी त्यांनी मान खाली घातली आणि फाटकावर कुणी कधी ऐकला नसेल अशा आवाजात म्हणाले, "आत येऊ का?"

तिने ते वाक्य चवीचवीने ऐकलं. लगेच उघडायचं नाही, हेही ठरलेलं होतं.

"जरा लवकर गं," वडील म्हणाले. "दोन बस बदलून आलोय."

तिने वरची कडी काढली, मग कुलूप, मग खालची कडी. वडिलांनी ना खोली पाहिली, ना खिडकी, ना नवी गादी. ते तडक बाथरूममध्ये गेले. दार लागलं, किलकिलं झालं, पुन्हा लागलं. आतून लाकडावर हात चाचपडल्याचा आवाज येत राहिला.

"अगं, इथे कडी नाहीये."

"नाहीये," धाकटी म्हणाली. आणि मग इतक्या वर्षांचं सगळं एकवटून तिने विचारलं, "असं काय चाललेलं असतं आत?"

दार पुन्हा किलकिलं झालं.

"जरा बाहेरून दार धरून उभी राहतेस का?"